एकोणपन्नास थ्रेड आणि एक वही

भाषाशास्त्राच्या त्या निवृत्त विभागप्रमुखांना घरापासून रस्त्याच्या टोकापर्यंत सगळे 'सर' म्हणत. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी उलट उत्तर दिले नव्हते. विद्यार्थ्यांची छाती झाली नाही आणि सहकाऱ्यांना तशी हौस नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी एक जाडजूड पुस्तक समोर ठेवून स्वतःच्या हाताने संगणकाचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने उलट उत्तर दिले असते तर निदान संवाद तरी घडला असता. त्याने उत्तरच दिले नाही, आणि तेही संग्रह समितीच्या भर बैठकीत.

प्रसंग असा. सरांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, शाळेतली नोकरी सांभाळून अडतीस वर्षे रविवारचे रविवार गवंडी, सुतार, लोहार, विणकर यांच्या दारात बसून त्यांच्या धंद्यातले शब्द गोळा केले होते. एक शब्द, एक कार्ड. अशी एक्केचाळीस हजार कार्डे विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत साठ खोक्यांतून उभी होती. ताईची नजर मावळत चालली होती. डॉक्टरांनी डोळ्यांना वर्षाच्या आतली मुदत सांगितली होती. तरी ती रोज सकाळी भिंग घेऊन त्या खोलीत बसे आणि जुने कार्ड काढून नवे काही कळले असेल ते त्यावर पेन्सिलीने लिही. आता विभागाला ती खोली हवी होती. संग्रह संगणकावर वापरता येतो असे समितीला पटले तर खोलीचा विचार होणार होता. नाही पटले तर खोकी तळघरातल्या मध्यवर्ती भांडारात जाणार होती. भांडारातली वस्तू नियमाप्रमाणे सर्वांना उपलब्ध असते आणि प्रत्यक्षात कोणाच्याच हाती लागत नाही. एकाहत्तर वर्षांची, निम्मे दिसणारी बाई लिफ्ट जात नाही अशा त्या तळघराचे जिने उतरू शकली नसती, हे सांगायला समितीची गरज नव्हती.

बैठकीत अध्यक्षांनी 'दोरी' हा शब्द टाइप केला. ज्यांच्या अर्थात दोरी येते असे सगळे धंद्यातले शब्द बाहेर यावेत, ही अपेक्षा. त्यांनी बटण दाबले. पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकी हळूहळू पांढरी पडली, आजारी माणसाचा चेहरा पडतो तशी, आणि तिच्या माथ्यावर अक्षरे उमटली: 'प्रतिसाद देत नाही.'

"हे काय झालं?" अध्यक्षांनी विचारले.

"शोधतोय," सर म्हणाले. "चाळीस सेकंद लागतात."

"पण इथे तर म्हणतंय की..."

"त्याच्या म्हणण्याला अर्थ नाही."

विभागाच्या आवक-जावक बाई बैठकीचे इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिले आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: 'संग्रह प्रतिसाद देत नाही.'

"बाई, संग्रह नव्हे! खिडकी!"

"सर, मला दिसलं ते मी लिहिलं. तुम्हीच शिकवायचात ना, साधन दिसेल तसं नोंदवावं?"

या बाईंशी सरांचे बावीस वर्षांचे वैर होते. फार पूर्वी वेळ वाचवण्यासाठी सरांनी बाईंच्या आवक-जावक वहीत स्वतःच्या हाताने एक नोंद केली होती. बाईंनी तिच्यावर लाल रेघ मारून विभागप्रमुखांनाच खुलासा मागणारे पत्र पाठवले होते. त्या पत्राची प्रत सरांनी जपून ठेवली होती. काही माणसे प्रेमपत्रे जपतात.

समितीने तीन आठवड्यांची मुदत दिली.

दोष कुठे आहे ते सरांना पुस्तकाच्या अकराव्या प्रकरणात सापडले. प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करत होता. तो शोधाला लागला की खिडकी रंगवायला, माउसकडे पाहायला, झालेच तर 'थांबा, येतो' म्हणायला त्याच्याकडे कोणी उरत नसे. त्यात प्रत्येक कार्डाची फाइल वेगळी होती. कारण ताईचे प्रत्येक कार्ड वेगळे होते, याहून सखोल तांत्रिक कारण त्यामागे नव्हते. उपाय एकच: एकाच प्रोग्रॅमच्या पोटात कामाचे अनेक प्रवाह एकदम चालवायचे. पुस्तक त्यांना थ्रेड म्हणत होते. सरांनी त्यासाठी सहा पर्यायी शब्द घडवले, सहाही नापसंत केले आणि थ्रेडच ठेवला.

ही वार्ता जिन्यात पोहोचायला वेळ लागला नाही. आपल्याकडे विद्येचा प्रसार होत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या जिन्यात उभे राहावे.

"सर, यात अवघड काय?" तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. "मी एकटा, खुर्च्या दोन. एकाला भूल देतो, ती चढेपर्यंत दुसऱ्याचा दात काढतो. डॉक्टर प्रतिसाद देत नाहीत असं कधी कुणी म्हटलंय?"

"आणि भूल एकाला आणि दात दुसऱ्याचा, असं कधी?"

दंतवैद्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "एकदाच," ते म्हणाले.

समोरच्या दाराचे निवृत्त बँक व्यवस्थापक म्हणाले, "कामं वाटून द्या, जबाबदारी मात्र कुणालाच देऊ नका. माझी शाखा एकतीस वर्षं अशीच चालली."

सरांची पत्नी भाजी निवडत होती. एक्केचाळीस हजार कार्डे तिनेच दोन वर्षे दुपारच्या झोपेवर पाणी सोडून टाइप केली होती. सरांनी हे काम 'लेखनिकी स्वरूपाचे' असल्याचे तिला सुरुवातीलाच समजावून सांगितले होते.

"अहो, किती थ्रेड करणार आहात?" तिने विचारले.

"एकोणपन्नास."

"का?"

"अ पासून ज्ञ पर्यंत, ॲ आणि ऑ धरून. प्रत्येक अक्षराला एक. शास्त्रशुद्ध विभागणी आहे."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली आणि पालक धुवायला आत गेली.

एवढ्या साध्या प्रश्नावर अशी घोडचूक करायला साधा माणूस पुरेसा पडत नाही, त्याला वर्णमालेचा व्यासंग असावा लागतो. कोणत्याही सामान्य प्रोग्रॅमरने दोन-चार थ्रेड केले असते. सरांनी 'ळ'ला स्वतंत्र थ्रेड द्यावा की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि न्यायबुद्धीने दिला. प्रोग्रॅम चालू केला तेव्हा सर्वांत आधी ङ आणि ञ काम संपवून परत आले, कारण त्यांच्याकडे एकही शब्द नव्हता. कचेरीत काही वर्षे काढलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. सर्वांत शेवटी हाश्शहुश्श करत 'प' आला. यादीत ज्ञ आधी आला आणि अ कुठेतरी खाली जाऊन बसला.

मग एक इशारा आला: 'ज्या थ्रेडने ही यादी निर्माण केली नाही, त्याने तिला हात लावू नये.' सर संतापले. यादी त्यांनी निर्माण केली होती! पुस्तकात तळटीप होती की हा इशारा बंद करता येतो. विद्यार्थ्यांना आयुष्यभर तळटीपा वाचायला लावणाऱ्या या माणसाने ती तळटीप अर्धीच वाचली. उरलेल्या अर्ध्या भागात लिहिले होते की तसे कधीही करू नये. सरांनी इशारा बंद केला. घरात शांतता पसरली. ज्याला आपण शांतता समजतो ती पुष्कळदा बंद केलेला इशारा असते, हे इतिहासाने अनेक राजांना शिकवले आहे. पण त्यांपैकी कोणी प्रोग्रॅम लिहीत नव्हते.

आता शोध सहा सेकंदांत होऊ लागला. सरांनी ताईला बोलावले आणि पडद्यासमोर खुर्ची दिली. ताईला अक्षरे नीट दिसत नव्हती, म्हणून सरांची पत्नी वाचून दाखवू लागली.

"वन्सं, ऐका हं. 'ओळंबा: भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी ओढाळ गुराच्या गळ्यात बांधायचे जड लाकूड.'"

पत्नीने वाचलेली ओळ पुन्हा एकदा डोळ्यांनी तपासली.

"पुढचं वाच," ताई म्हणाली.

"'लोढणे: दोरीला टांगलेले वजन, ज्याने गुराची उभी रेघ तपासतात.'"

ताई हसू लागली. आधी ओठांत, मग खांदे हलू लागले, मग तिने भिंग मांडीवर ठेवून डोळ्यांना पदर लावला. "बाळ," ती त्रेसष्ट वर्षांच्या भावाला म्हणाली, "गुराची उभी रेघ! अरे, गवंड्याला कळलं तर थापी फेकून मारेल."

सरांनी मात्र फाइल उघडली आणि दोष त्यांच्या ध्यानात आला. प्रत्येक सापडलेल्या कार्डावर 'शेवटचा शोध' म्हणून तारीख टाकून ते पुन्हा जतन करायचे, ही त्यांचीच काटेकोर योजना होती. पण 'हातातले कार्ड' ठेवायला त्यांनी सगळ्या थ्रेडना मिळून एकच जागा दिली होती. ओ ने आपले कार्ड तिथे ठेवावे, तारीख टाकायला वळावे, तेवढ्यात ल ने आपले वर ठेवावे. मग निम्मे याचे, निम्मे त्याचे कायमचे जतन. भूल एकाला, दात दुसऱ्याचा. मोजले तेव्हा अकराशेहून जास्त कार्डांची अशी लग्ने लागली होती.

दोन वर्षांच्या दुपारी सहा सेकंदांत नासल्या होत्या. सर पत्नीकडे पाहू शकले नाहीत. ज्या शब्दांत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा त्यांनी निकाल लावला होता, ते सगळे शब्द त्यांना एकदम स्वतःसाठी आठवले.

"ऐक," ते म्हणाले. "माझ्याकडून एक... म्हणजे तू टाइप केलेलं जे..."

"शिवणाच्या डब्यात आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पेन ड्राइव्ह. बटणांच्या खालच्या खणात. तुम्ही प्रोग्रॅम लिहायला घेतलात, त्याच दिवशी सगळ्याची प्रत काढून ठेवली."

"मला सांगितलं नाहीस!"

"तुम्हाला राग आला असता."

ते खरे होते. सरांनी तो पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला. बोलायचे पुष्कळ होते. पण कृतज्ञतेच्या वाक्यरचनेचा त्यांना सराव नव्हता, म्हणून ते "बरं" म्हणाले. तिला तेवढे पुरले, की तिने तेवढ्यावर भागवले, हे अखेरपर्यंत स्पष्ट झाले नाही.

मग सरांनी सगळी कार्डे शब्द आणि अर्थ अशा दोनच फाइलींत आणली आणि कुलुपे लावली. एका थ्रेडच्या हाती फाइल असताना दुसऱ्याने थांबायचे, असा बंदोबस्त. शब्दांच्या फाइलला एक कुलूप, अर्थांच्या फाइलला दुसरे. परिणामी 'क' शब्दांची फाइल धरून अर्थांची वाट पाहू लागला आणि 'प' अर्थांची फाइल धरून शब्दांची. दोघेही कमालीचे सभ्य. कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी आपले सोडले नाही. खिडकी पांढरी पडली आणि तिच्या माथ्यावर सरांना तोंडपाठ झालेले ते तीन शब्द आले. आगीतून फुफाट्यात पडणाऱ्याला निदान जागा तरी बदलून मिळते. सर निघाले होते तिथेच परत आले होते. बैठकीला पाच दिवस उरले होते.

त्यातच विभागाचे पत्र आले. कार्यालयाच्या संगणकावर प्रोग्रॅम बसवण्याच्या अर्जात 'एका वेळी चालणाऱ्या कामांची संख्या' असा रकाना होता. सरांनी प्रामाणिकपणे एकोणपन्नास लिहिले होते. कार्यालयाचे म्हणणे, एका अर्जावर एका कामाची परवानगी मिळते; उरलेल्या अठ्ठेचाळीस कामांसाठी अठ्ठेचाळीस स्वतंत्र अर्ज, सहीनिशी, जोडावेत.

"सर, एक लिहायचं ना," कार्यालयातला अधीक्षक हळहळला. "आम्ही कुठे आत डोकावून मोजणार होतो?"

अठ्ठेचाळीस अर्ज घेऊन सर आवक-जावक खिडकीशी उभे राहिले. युद्धात हरलेला सेनापती किल्ल्या घेऊन यावा, तसे.

"ट्रेमध्ये ठेवा," बाई वर न पाहता म्हणाल्या.

"मी थांबतो."

"थांबायची गरज नसते. ठेवून जायचं असतं. पण बसा हवं तर."

सर बाकावर बसले आणि दीड तास, दुसरे काहीच करण्यासारखे नसल्यामुळे, बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी बाईंचे काम पाहिले. माणसे येत होती, कागद लाकडी ट्रेमध्ये ठेवून आपापल्या वाटेने जात होती. कोणी खोळंबत नव्हते. बाई वरचा एक कागद उचलत, वहीत नोंदवत, क्रमांक टाकत, पुढचा उचलत. मध्येच कोणी "माझं आलं का?" विचारी, तर लगेच मान वर करून "नाही अजून" म्हणत आणि पुन्हा वहीत शिरत. एका प्रकरणाचे जुने कागद शोधायचे होते, तेव्हा त्या उठल्या नाहीत. त्यांनी शिपायाला सांगितले, दुसऱ्या प्रकरणासाठी टंकलेखकाला सांगितले आणि स्वतः पुढच्या कागदाकडे वळल्या. ते दोघे कागद घेऊन परतले, तेव्हा त्यांनीही मुकाट्याने ते ट्रेमध्येच ठेवले. शिपायाने वहीकडे नुसता हात नेला, तर बाईंनी पेनाच्या टोकाने तो मागे सारला.

सर उभे राहिले. "बाई, एक विचारू? दोघं-तिघं मिळून वही का नाही लिहीत? लवकर होईल."

बाईंनी प्रथमच पेन खाली ठेवले. त्यांना वाटले, जुनी लाल रेघ पुन्हा उकरली जातेय.

"सर, काम करायला हात कितीही असू देत. वहीला हात एकच. दोन हात लागले की मग नोंद कुणाची, चूक कुणाची, काही कळत नाही. आणि माझं बसून राहणंच काम आहे. मी कपाटात शोधत बसले, तर खिडकीशी कोण?"

अकरावे प्रकरण सरांनी चार वेळा वाचले होते. त्यात हेच लिहिले होते, चाळीस पानांत. खिडकी सांभाळणारा थ्रेड एकच असावा, यादीला आणि फाइलला त्यानेच हात लावावा. बाकीच्यांनी शोधावे आणि सापडलेले त्याच्यापुढच्या रांगेत ठेवून निघून जावे. तो इशाराही हेच सांगत होता. बाईंनी तर बावीस वर्षांपूर्वी लेखी कळवले होते आणि सरांनी ते पत्र अपमान म्हणून जपले होते.

"बाई," ते म्हणाले, "तेव्हा तुमचं बरोबर होतं."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. "हे लेखी देणार का?" त्यांनी विचारले, आणि सरांना आश्चर्य वाटले ते याचे, की त्या हसत होत्या.

सरांनी एकोणपन्नास थ्रेडचे चार केले. ट्रे ठेवला, कुलुपे काढली, बंद केलेला इशारा पुन्हा चालू केला. तो पुन्हा एकदाही आला नाही. पंचेचाळीस अर्ज मागे घ्यायचे होते. त्यासाठी पंचेचाळीस पत्रे लिहून ते गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मागे घ्यायला एकच पुरतं."

बैठकीच्या दिवशी ताई भिंग घेऊन कोपऱ्यात बसली. अध्यक्षांनी 'दोरी' टाइप केले. खिडकी पांढरी पडली नाही. शब्द एकामागून एक येऊन आपापल्या जागी बसू लागले, आणि ते येत असतानाच अध्यक्षांनी यादी वर-खाली केली, एक कार्ड उघडले, मिटले. त्यांना हवे तेव्हा हवे ते झाले. ओळंबा गवंड्याकडे होता, लोढणे गुराच्या गळ्यात.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले. "अगदी उत्तम. म्हणजे आता सगळं यात आलंच. मग त्या खोक्यांची, खोलीची काय गरज? जाऊ देत भांडारात. सुरक्षित राहतील."

तीन आठवडे मर मर मरून त्यांनी बहिणीच्या खोलीची गरजच संपवून दाखवली होती. हा प्रोग्रॅम त्यांच्या कोणत्याही शत्रूला इतका उत्तम लिहिता आला नसता. ताईने भिंग मिटून पिशवीत ठेवले.

अध्यक्ष मात्र रंगात आले होते. त्यांनी सहज एक शब्द टाइप केला: 'ओठंगणी'. चारही थ्रेड धावले आणि हात हलवत परत आले. पडद्यावर आले: 'सापडला नाही.'

"नसणारच," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या घरचा शब्द आहे."

"म्हणजे काय?" कोपऱ्यातून ताईने विचारले.

"काही नाही हो. वडील पुस्तकं बांधायचे. ओल्या गोंदाची पुस्तकं वाळेपर्यंत टेकवून ठेवायची तिरपी फळी होती, तिला ते..."

"किती तिरपी?"

"अं? अशी." अध्यक्षांनी तळहात तिरका धरला.

"भिंतीला लावलेली, की सुटी?"

"सुटी. खाली खाच. माझं काम असायचं, पडणारं पुस्तक धरायचं." अध्यक्षांचा हात अजून तसाच तिरका होता. "चाळीस वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता."

ताई चाचपडत टेबलाशी आली आणि पिशवीतून कोरे कार्ड व पेन्सिल काढून त्यांच्यापुढे ठेवली. "मला आता रेघ दिसत नाही. तुम्हीच लिहा. वाकडं आलं तरी चालेल. फक्त खाली, कोणी सांगितलं ते लिहा."

अध्यक्षांनी लिहिले. शेवटच्या ओळीशी ते थांबले आणि मग 'वडील' असे लिहून त्यांनी कार्ड पालथे ठेवले.

"मग संग्रह चालू आहे म्हणायचा," आवक-जावक बाई इतिवृत्तातून मान वर न काढता म्हणाल्या. "चालू संग्रह जागेवरून हलवता येत नाही."

"तसा नियम आहे?"

"आहे."

"कुठे?"

"मी सांगतेय ना."

अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि कार्यपत्रिकेवर खोलीसमोर 'कायम' असे लिहिले. तेवढ्यात अभियांत्रिकीच्या सदस्याला आपल्या आजोबांच्या रहाटाचा एक शब्द आठवला आणि ग्रंथपालांना आईच्या जात्याचा. दोघे एकदम बोलू लागले. ताईची पिशवी रिकामी झाली.

"बाळ," ती सगळ्या समितीसमोर म्हणाली, "कोरी कार्डं आण. पळ."

आणि माजी विभागप्रमुख पळाले. बाई कपाटाशी आधीच किल्ली घेऊन उभ्या होत्या.

"किती?"

"शंभर." सरांनी सवयीने खिशातले पेन काढले. "मागणीपत्र कोणत्या नमुन्यात देऊ?"

बाईंनी दोनशेचा गठ्ठा त्यांच्या हातावर ठेवला.

"नंतर द्या," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत बाईंच्या तोंडून हा शब्द सरांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी गठ्ठा छातीशी धरला, "आभारी आहे, बाई" असे स्वच्छ, पूर्ण वाक्य उच्चारले, आणि ताईची पुन्हा हाक यायच्या आत परत पळाले.